शांतिनिकेतनचे उत्सववर्ष

महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात डिसेंबर संपता संपता पाऊल टाकावे, तो सूचनाफलकापाशी विद्यार्थ्यांची दाटी झालेली दिसते. वक्तृत्वस्पर्धा, एकांकिका, गायनाची चढाओढ, एखाद्या विद्वानाचे व्याख्यान आणि शेवटी फिशपाँडचा हशा, असा चार दिवसांचा कार्यक्रम तेथे लागलेला असतो. ह्यालाच स्नेहसंमेलन म्हणतात. बोलताना सर्रास गॅदरिंगच म्हणतात. चार दिवस कोणी वर्गाकडे फिरकत नाही. पाचव्या दिवशी मांडववाला आपले बांबू आणि कनाती घेऊन जातो, प्राध्यापक जेथे पान दुमडून ठेवले होते तेथून पुढे शिकवू लागतात, आणि मध्ये काही घडलेच नव्हते अशा रीतीने वर्ष पुढे सरकते. अभ्यास एका बाजूला, समारंभ दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती निराळी असू शकेल हे मनातही येत नाही.

ती निराळी असू शकते, हे ज्या एका विद्यास्थानाने शंभर वर्षांहून अधिक काळ दाखविले, ते बंगालमधील बोलपूरजवळचे शांतिनिकेतन होय. तेथे येत्या श्रावणापासून जे कार्यक्रम व्हावयाचे आहेत, त्यांची यादी नुसती वाचली तरी ती कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेपेक्षा एखाद्या गावाच्या पंचांगासारखी वाटते. श्रावणात वृक्षारोपण आणि हलकर्षण, शरदात आनंदबाजार, डिसेंबरच्या आरंभी कलाभवनाचा नंदनमेळा, पौषात मोठी जत्रा, माघात श्रीनिकेतनचा वार्षिकोत्सव, फाल्गुनात वसंतोत्सव, मार्चमध्ये गांधीपुण्याह, आणि चैत्र संपताच वर्षशेष व नववर्ष. ह्या प्रत्येक दिवसामागे एक कल्पना आहे, आणि बहुतेकांमागे एखादी घडलेली गोष्ट आहे.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. बंगाली पंचांग सौर आहे. त्यामुळे तेथील ‘२२ श्रावण’ ही आपल्यासारखी तिथी नव्हे, तारीख आहे. ती ऑगस्टच्या ७ किंवा ८ तारखेस येते. त्याच न्यायाने ७ पौष म्हणजे डिसेंबरची २२ किंवा २३ तारीख. मराठी कालनिर्णय पाहून गाडीचे तिकीट काढणारा मनुष्य बोलपूरच्या फलाटावर उतरावा आणि उत्सव केव्हाच होऊन गेलेला असावा, असा प्रसंग ह्या फरकामुळे सहज येऊ शकतो.

१८६३ साली महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर ह्यांनी रायपूरच्या जमीनदारांकडून वीस बिघे जमीन घेतली, तेव्हा तेथे तांबडी, उघडी माळजमीन होती आणि तिच्यावर दोन छातिमची झाडे होती. छातिम म्हणजे आपल्याकडची सातवीण, संस्कृतातील सप्तपर्ण. त्या झाडांखाली महर्षी ध्यानास बसत. त्यांनी १८८८ साली एक विश्वस्तपत्र करून ही जागा सर्वांच्या उपासनेसाठी दिली. त्या पत्रात मूर्तिपूजा नको, मद्य व मांस नको, आणि येथे दरसाल एक मेळा भरविण्याचा विश्वस्तांनी प्रयत्न करावा, असे लिहून ठेवले आहे. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. शांतिनिकेतनात शाळा येण्यापूर्वीच जत्रेची तरतूद झाली होती. १८९१ साली काचेचे उपासनामंदिर उभे राहिले, १८९४ साली पहिला पौषमेळा भरला, आणि त्यानंतर सात वर्षांनी, २२ डिसेंबर १९०१ रोजी, महर्षींचे चिरंजीव रवींद्रनाथ ह्यांनी जेमतेम पाच मुले घेऊन आपले ब्रह्मचर्याश्रम सुरू केले. दिवस तोच निवडला, ७ पौष. सरकारी पद्धतीने विचार करणाऱ्यास हा क्रम उलटा वाटेल. आधी संस्था, मग तिचा वार्षिकोत्सव, असा नियम आहे. परंतु तेथे उत्सव आधी आला, आणि शाळा त्याच्या आश्रयास आली.

ह्या ठाकूर घराण्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे, तो येथे सांगण्यासारखा आहे. महर्षींचे दुसरे पुत्र सत्येंद्रनाथ हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, आणि १८९७ साली साताऱ्यास न्यायाधीश असताना ते सेवानिवृत्त झाले. त्यांनी तुकारामाचे अभंग बंगालीत नेले. एखादा अधिकारी बदलीच्या गावाहून सामानाबरोबर काय घेऊन परततो, ह्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

आता श्रावण. १४ जुलै १९२८ रोजी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा पहिला समारंभ झाला. आज प्रत्येक कचेरीत आणि शाळेत वृक्षारोपण होते. पाहुणा येतो, खड्ड्यात रोप आधीच उभे केलेले असते, तो दोन ओंजळी माती लोटतो आणि छायाचित्र निघते. १९२८ साली हा प्रकार देशात रुळलेला नव्हता. त्या दिवशी रवींद्रनाथांच्या स्नुषा प्रतिमादेवी ह्यांच्या कुंडीतले एक बकुळीचे रोप निवडण्यात आले. आश्रमातील मुली नीटनेटक्या पोषाखात शंख वाजवीत, गाणी गात त्या रोपाबरोबर चालत आल्या. विधुशेखर शास्त्री ह्यांनी संस्कृत श्लोक म्हटले. पृथ्वी, जल, तेज, वायू व आकाश ह्या पंचमहाभूतांना त्या रोपाचे रक्षण करण्याविषयी आवाहन करणाऱ्या कविता रवींद्रनाथांनी ह्या प्रसंगासाठी मुद्दाम रचून वाचल्या. एका कुंडीतल्या झाडाचे एवढे कौतुक पाहून कवीला स्वतःलाच गंमत वाटली होती, हे त्यांच्या पत्रावरून दिसते. ‘बलाई’ ही त्यांची कथा ह्याच वेळची आहे. झाडांवर सख्ख्या भावंडांप्रमाणे माया करणारा एक पोरका मुलगा आणि वाटेत उगवले म्हणून त्याचे शेवरीचे झाड तोडून टाकणारा त्याचा काका, एवढीच तिची गोष्ट आहे.

हा समारंभ केवळ काव्यमय होता, असे समजणे चूक ठरेल. बीरभूम जिल्ह्यातील तो भाग तांबड्या, वाहून गेलेल्या मातीचा आहे. पावसाच्या पाण्याने तिच्यात घळी पडतात, त्यांना तेथे खोआई म्हणतात. सरपणासाठी जंगल गेले, मागोमाग माती गेली, मातीबरोबर गावाची चूल गेली. हे रवींद्रनाथ पाहत होते. झाड लावण्याचे काम त्यांनी कृषिखात्याच्या पत्रकाने न सांगता शंख वाजवून सांगितले, एवढाच फरक. आज शांतिनिकेतनात जी गर्द सावली दिसते आणि जिच्याखाली वर्ग भरतात, तिच्यातील फार मोठा भाग माणसांनी लावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी, १५ जुलै १९२८ रोजी, दोन मैलांवरील श्रीनिकेतनात हलकर्षणाचा समारंभ झाला. त्याला सीतायज्ञ असेही नाव होते. सीता म्हणजे नांगराची तास. जमिनीवर आल्पना काढली होती. आपल्या रांगोळीसारखीच ही कला, परंतु ती बहुधा तांदळाच्या ओल्या पिठाने काढतात. सजविलेले बैल आणले, आणि विश्वविख्यात कवीने स्वतः नांगराचे रुमणे हाती धरले. नंदलाल बोस ह्यांनी हा प्रसंग पुढे श्रीनिकेतनच्या भिंतीवर चितारला. ज्यांच्या गावी बेंदूर किंवा पोळा होतो, त्यांना ह्यात नवे काय, असे वाटेल. नवे हे की येथे विद्यापीठाने बैलापुढे मान लवविली. शेतकऱ्याच्या मुलाला विद्या मिळाली की त्याने प्रथम नांगर सोडावा, अशी समजूत असलेल्या देशात ही गोष्ट लहान नव्हती.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथ निवर्तले. बंगाली तारीख २२ श्रावण होती. आश्रमाने त्यांच्या मृत्यूचा दिवस पाळण्यासाठी वृक्षारोपणाचाच कार्यक्रम त्या दिवशी आणला आणि हलकर्षण २३ श्रावणास ठेवले. पुण्यतिथीला हार, फोटो आणि भाषणे ह्यांऐवजी एक रोप पालखीत बसवून मिरवीत न्यावे, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी आपल्या गुरूला पुरते ओळखले होते, असेच म्हणावे लागेल.

शरदातील कार्यक्रम हलकेफुलके आहेत. पूजेच्या सुटीपूर्वी, महालयेच्या दिवशी, मुले आनंदबाजार भरवितात. स्वतः केलेले पदार्थ आणि वस्तू विकतात, आरोळ्या ठोकतात, शिक्षकांना महागात फसवितात, आणि जमा झालेले पैसे सेवाकार्याला देतात. डिसेंबरच्या १ व २ तारखेस कलाभवनात नंदनमेळा असतो. ३ डिसेंबर हा नंदलाल बोस ह्यांचा जन्मदिवस. त्याच्या पूर्वसंध्येचा हा मेळा १९७३ पासून भरतो. चित्रकलेचे विद्यार्थी आणि अध्यापक आपल्या हातच्या वस्तू तेथे अल्प किमतीत विकतात आणि ते उत्पन्न अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत जाते. कलाभवनाशी महाराष्ट्राचाही धागा आहे; कोल्हापूरचे विनायक मासोजी हे नंदलालांचे शिष्य, आणि पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. संगीताच्या बाजूस भीमराव शास्त्री हे मराठी पंडित होते. त्यांनी रवींद्रनाथांची गीते नागरी लिपीत स्वरलिपीसह ‘संगीत गीतांजली’ ह्या नावाने १९२७ साली प्रसिद्ध केली.

ह्या उत्सवांचा उगम कोठे आहे, असे विचारले तर एका मुलाचे नाव घ्यावे लागते. रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ ह्याने १९०७ साली श्रीपंचमीच्या सुमारास काही सवंगड्यांना जमवून ऋतूंची सोंगे घेतली आणि ऋतूत्सव केला. आज ज्याला वसंतोत्सव म्हणतात त्याचे बीज ते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शमी मुंगेर येथे पटकीने वारला. त्याला अकरावे वर्ष चालू होते. पुढच्या वर्षी, १९०८ साली, रवींद्रनाथांनी आश्रमातील मुलांसाठी ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिले. बापाने मुलाचा खेळ पुढे चालू ठेवला, ह्यापेक्षा ह्या घटनेवर अधिक भाष्य करू नये.

हे नाटक, ती गाणी, ती नृत्ये ह्यांत आश्रमाबाहेरच्या नटाला वाव नव्हता. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच रंगभूमीवर उतरत. पडदे नसत, फुले, पाने, पिवळी उत्तरीये आणि जमिनीवरची आल्पना ह्यांवर सारी शोभा भागे. गरिबीमुळे हे असे झाले असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु नंदलाल आणि सुरेंद्रनाथ कर ह्यांसारखी माणसे सजावटीस असल्यावर गरिबीचीच एक शैली झाली. ह्याच रंगभूमीवर एक धाडसही झाले. १९२६ साली ‘नटीर पूजा’ नाटकात नंदलालांची कन्या गौरी हिने नटीचे नृत्य केले. भल्या घरच्या मुलीने लोकांसमोर नाचावे, ही कल्पना त्या काळच्या बंगाली समाजास न पेलणारी होती. महाराष्ट्रातही तिचे स्वागत झाले असते असे नव्हे. पुढल्या वर्षी तेच नाटक कलकत्त्यास झाले, तेव्हा रवींद्रनाथ स्वतः भिक्षूच्या भूमिकेत रंगमंचावर उतरले. मुलींच्या बाजूने बोलण्याची ती त्यांची रीत होती.

विद्वत्तेचे कार्यक्रमही ह्याच ओघात येत. २३ डिसेंबर १९२१ रोजी, म्हणजे ८ पौषास, ब्रजेंद्रनाथ शील ह्यांच्या अध्यक्षतेखाली विश्वभारतीचे विधिपूर्वक लोकार्पण झाले. त्या सुमारास फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही तेथे पहिले पाहुणे अध्यापक म्हणून आले होते. त्यांच्या वर्गात साठीचे रवींद्रनाथ विद्यार्थ्यांबरोबर बसत. आपल्याकडे व्याख्यानास अध्यक्ष उशिरा येतात आणि आभारप्रदर्शनापूर्वी उठतात, हे लक्षात घेता हा प्रसंग विशेष वाटतो. लहान मुलांची साहित्यसभा तर अद्यापि भरते. मुले आपले लेखन वाचून दाखवितात, त्यांच्यापैकीच कोणी अध्यक्ष होतो, आणि मोठी माणसे ऐकतात. वर्षाचा मोठा विद्याविषयक समारंभ म्हणजे पदवीदानाचा, समावर्तनाचा. आम्रकुंजात तो होत आला आहे, आणि पदवीधराच्या हाती छातिमची पाने देण्याची तेथील प्रथा आहे. महर्षी ज्या झाडाखाली बसले त्याच जातीच्या झाडाची ती पाने.

पौषातील तीन दिवस मात्र सर्वांत मोठे. ७ पौषास पहाटे वैतालिक, म्हणजे गाणी गात आश्रमाला घातलेली फेरी. नंतर छातिमतळी उपासना. ८ पौष हा विश्वभारतीचा दिवस. ९ पौषास आश्रमातील दिवंगत बंधुभगिनींचे स्मरण केले जाते. २५ डिसेंबरला काचेच्या मंदिरात मेणबत्त्यांच्या उजेडात ख्रिस्तोत्सव होतो. हे सारे एका बाजूस चालू असता दुसऱ्या बाजूस जत्रा भरलेली असते. बाउलांचे आखाडे, संथाळांची नृत्ये, मातीची भांडी, कांथाचे भरतकाम, डोक्रा पद्धतीच्या पितळी मूर्ती, श्रीनिकेतनची चामड्याची कामे, आणि अर्थातच जिलबी. आसपासच्या खेड्यांतील माणूस ह्या तीन दिवसांवर आपला वर्षाचा हिशोब बांधतो. गावकऱ्याने विद्यापीठाच्या आवारात यावे, त्याला तेथे परका वाटू नये, हा महर्षींचा हेतू ह्या जत्रेइतका दुसऱ्या कशानेही साधला नाही.

परंतु यशाचेही एक ओझे असते. कलकत्त्याहून दीडशे किलोमीटरवर, आगगाडीच्या तीन तासांवर, एवढे सुंदर काही चालले आहे हे लोकांना कळल्यावर लोक येणारच. जत्रा तीन दिवसांची जास्त दिवसांची झाली. कारखान्यांतल्या मालाची दुकाने हातकामाच्या शेजारी उभी राहिली. कचरा, धूर आणि ध्वनिक्षेपक ह्यांचा प्रश्न हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. वसंतोत्सवाची दशा याहून बिकट झाली. शमीच्या खेळातून निघालेला हा कार्यक्रम मूळचा आश्रमवासीयांचा. पिवळी वस्त्रे नेसून मुलेमुली गात, नाचत मिरवणुकीने येतात आणि शेवटी एकमेकांस अबीर लावतात. २०१९ सालापर्यंत तेथे लोटणारी गर्दी एवढी वाढली की मुले नाचत असताना ती त्यांच्या अंगावर येऊ लागली. करणारे थोडे, पाहणारे फार, आणि पाहणाऱ्यांतही पुष्कळांचे लक्ष पाहण्यापेक्षा रंग उधळण्याकडे.

२०२० साली महामारी आली आणि दोन्ही गोष्टी थांबल्या. त्यापूर्वी पौषमेळा १९४३ साली दुष्काळामुळे आणि १९४६ साली दंगलींमुळे भरला नव्हता, एवढेच. परंतु ह्या वेळी खंड लांबला. विश्वभारतीने जत्रेची जबाबदारी घेण्याचे नाकारले. जत्रेच्या मैदानास भिंत घालण्याचे ठरविले. १७ ऑगस्ट २०२० रोजी जमावाने ते बांधकाम उधळून लावले. भिंतीवरून एवढा क्षोभ का व्हावा, हे दिल्लीत बसून कळणे कठीण होते. विद्यापीठाला आपल्या मालमत्तेचे रक्षण करावयाचे होते, आणि त्यासाठी नियमात आधारही होता. गावाला मात्र ते मैदान आपले वाटत होते. ज्या विश्वस्तपत्राने विद्यापीठाला जमीन दिली, त्यानेच गावाला जत्रा दिली होती. २०२३ साली जिल्हा प्रशासनाने पुढाकार घेऊन पूर्वपल्लीच्या मैदानात जत्रा भरविली, आणि २०२४ साली विश्वभारती व शांतिनिकेतन ट्रस्ट ह्यांनी ती पुन्हा आपल्या हाती घेतली. मध्यंतरी, सप्टेंबर २०२३ मध्ये, युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसास्थानांत समावेश केला. वसंतोत्सव मात्र महामारीनंतर बाहेरच्या लोकांसाठी पूर्वीसारखा खुला झालेला नाही. विश्वभारती तो आपल्यापुरता, बहुधा डोलपौर्णिमा टाळून दुसऱ्या दिवशी करीत आली आहे.

ह्यावर बंगालमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, रवींद्रनाथांनी भिंती मोडण्यासाठी ही संस्था काढली, तिने दार लावून घ्यावे हा विपर्यास होय. दुसरा म्हणतो, विद्यार्थ्यांचा उत्सव ही जनतेच्या करमणुकीची सोय नव्हे. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि तरीही दोन्ही उत्सवांस एकच न्याय लावणे चूक आहे. पौषमेळा जन्मतःच सर्वांचा आहे. तो बंद ठेवणे म्हणजे कुंभाराच्या, विणकराच्या आणि बाउलाच्या पोटावर पाय देणे. वसंतोत्सवाचे तसे नाही. तो वर्गातला धडा आहे. गाणे शिकलेल्यांनी शिकविणाऱ्यांसमोर म्हणावयाचे आहे. तो काही वर्षे शांतपणे, आपसांत झाला तर त्याची हानी होणार नाही, कदाचित त्याची मूळची चाल त्याला पुन्हा सापडेल. मात्र दार लावले तर आत खरोखर उत्सव चालला पाहिजे. नुसता बंदोबस्त नव्हे. केंद्रीय कायद्याने १९५१ साली विश्वभारती विद्यापीठ झाले, तेव्हापासून तिला पैसा मिळाला, इमारती मिळाल्या आणि त्यांबरोबर नियमही मिळाले. बैलाच्या शिंगांना लावावयाच्या रंगाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, हा प्रश्न कोणत्याही कारकुनाला पडू शकतो, आणि त्याच्यावर हसणारांनी लेखापरीक्षकाचा शेरा कधी वाचलेला नसतो.

ज्या दिवसाकडे कोणी प्रेक्षक जात नाही तो दिवस ह्या वादातून सुटला आहे. तो म्हणजे १० मार्च, गांधीपुण्याह. त्याची हकीकत महाराष्ट्राशी निगडित आहे. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातील मुले आधीच शांतिनिकेतनात येऊन राहिली होती. त्यांना भेटण्यासाठी गांधीजी फेब्रुवारी १९१५ मध्ये तेथे आले. तेथे त्या वेळी साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकरही होते. ह्याच ठिकाणी त्यांची आणि गांधीजींची प्रथम गाठ पडली. गांधीजींना थोडे दिवस राहावयाचे होते, परंतु १९ फेब्रुवारीस पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले वारले आणि तशी तार आली. काचेच्या मंदिरात प्रार्थनासभा झाली, आणि त्याच दिवशी गांधीजी पुण्यास निघाले. मार्चमध्ये ते परत आले, आणि त्यांनी विद्यार्थ्यांपुढे व शिक्षकांपुढे एक साधा प्रश्न ठेवला: स्वयंपाकी आणि नोकर ह्यांच्याऐवजी आपले काम आपण का करू नये? १० मार्चला प्रयोग सुरू झाला. भाजी चिरणारी एक तुकडी, धान्य निवडणारी एक, आवार झाडणारी एक. भांडी घासणारांचा शीण जावा म्हणून काही विद्यार्थी त्यांच्याजवळ बसून सतार वाजवीत, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. रवींद्रनाथांनी प्रयोगाला आशीर्वाद दिला. सव्वाशे मुलांचा तो संसार फार दिवस असा चालला नाही. प्रयोग काही काळाने बंद पडला. परंतु आश्रमाने ती तारीख टाकून दिली नाही. दरसाल त्या दिवशी नोकरवर्गाला सुटी असते, आणि विद्यार्थी व अध्यापक स्वतः झाडलोट करतात, स्वयंपाक करतात. फसलेल्या प्रयोगाचा वार्षिकोत्सव करणारी संस्था विरळाच.

चैत्राच्या शेवटी वर्षशेषाची उपासना होते आणि दुसऱ्या दिवशी नववर्ष. रवींद्रनाथांचा जन्मदिवस २५ वैशाखाचा. पण तोवर ऊन असह्य होते, विहिरी आटतात आणि मुले सुटीवर जातात, म्हणून तो नववर्षदिनीच साजरा करण्याची प्रथा त्यांच्या हयातीतच पडली होती.

पु. ल. देशपांडे ह्यांनी १९७० साली शांतिनिकेतनात राहून बंगालीचा अभ्यास केला आणि १९७४ साली ‘वंगचित्रे’ हे पुस्तक दिले, तेव्हापासून मराठी वाचकास हे गाव ओळखीचे आहे. ज्यांना ते स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी पौषातील जत्रा अवश्य पाहावी, मात्र राहण्याची सोय फार आधी करावी, आणि जत्रेवरून विद्यालयाची परीक्षा करू नये. बुधवारी तेथे सुटी असते. सकाळी मंदिरात उपासना होते. वारसास्थान झाल्यापासून आवारात फिरण्यावर पुष्कळ निर्बंध आले आहेत, तेव्हा कोणत्या कार्यक्रमास बाहेरच्या माणसास प्रवेश आहे, हे विश्वभारतीच्या कचेरीत आधी विचारून घेणे बरे. ज्याला गर्दी नको असेल त्याने २२ श्रावण निवडावा. पाऊस बहुधा असतोच. पहाटे वैतालिक होते, सकाळी मंदिरात उपासना, आणि दुपार कलल्यावर रोप पालखीत बसवून मुले गात निघतात. पाच मुले पंचमहाभूते झालेली असतात. रोप लावून होते, पाणी घातले जाते, गाणे संपते आणि मुले चिखलाचे पाय घेऊन वसतिगृहाकडे परततात. दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनात बैल सजवावयाचे असतात.